ट्रॅमेटिस की स्टीरियम? उलटून बघा

मेलेल्या ओंडक्यावर पंख्यासारख्या, रंगीत पट्ट्यांच्या पातळ बुरशीचे थर दिसले की बहुतेक जण थेट ‘टर्की टेल’ म्हणजे ट्रॅमेटिस व्हर्सिकलर म्हणून मोकळे होतात. पण स्टीरियम ऑस्ट्रेआ वरून जवळजवळ तशीच दिसते. दोघींवर पट्टे, दोघी चिवट, दोघी दाटीवाटीने वाढणाऱ्या. रंगावर तर अजिबात जाऊ नका. ट्रॅमेटिस राखाडी, तपकिरी, निळसर, कशीही असते. स्टीरियम बहुधा नारिंगी-तांबूस छटेकडे झुकते, एवढंच.

खरा निकाल खालच्या बाजूला लागतो. ट्रॅमेटिसची खालची बाजू पांढरट, आणि भिंगातून पाहिलं तर बारीक छिद्रांनी भरलेली; एका मिलिमीटरात साधारण 3 ते 5. बीजाणू तिथूनच बाहेर पडतात. स्टीरियमला छिद्रं नसतातच, खालचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. मात्र ट्रॅमेटिसच्या वाढत्या कडेला छिद्रं अजून उमटलेली नसतात, म्हणून नुसती कड बघून ‘गुळगुळीत आहे’ म्हणू नये. मधला भाग बघावा. जून, वाळलेल्या तुकड्यावर वेळ घालवण्यापेक्षा शेजारचा ताजा शोधलेला बरा.

लाकडावरून मात्र या दोघींत फरक करता येत नाही. दोघीही लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) कुजवतात, त्यामुळे लाकूड फिकट आणि तंतुमय होतं.

आणि खालच्या बाजूला जांभळी झाक दिसली तर? मग ती ट्रायकॅप्टम ही तिसरीच बुरशी असण्याची शक्यता जास्त.