मधला दात की बाजूचा? पाकटाचे जीवाश्म ओळखताना

अमेरिकेत मेरिलंडमधल्या कॅल्व्हर्ट क्लिफ्सच्या किनाऱ्यावर जो तो शार्कचे दात शोधत असतो. वरून गुळगुळीत, खालून फणीसारखे दाते असलेले काळपट तुकडे मात्र बरेचजण परत वाळूत टाकतात. ते मायोसीन काळातल्या, म्हणजे सुमारे दोन कोटी तीस लाख ते पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या, पाकटांचे (शार्कच्या नात्यातल्या चपट्या माशांचे) दात. या पाकटांच्या जबड्यात शिंपले फोडण्यासाठी दातांची चक्क फरसबंदी असते. मासा मेला की ती फरसबंदी उखडते आणि आपल्या हाती येते एखादीच फरशी. ती फणी म्हणजे दाताचे मूळ. इथे पाकटांच्या तीन प्रजाती ओळखायच्या आहेत: एटोबॅटस, मायलिओबॅटिस आणि रायनॉप्टेरा. फणी तिघांकडेही असते, त्यामुळे नुसत्या फणीवरून नाव ठरत नाही.

सोप्यापासून सुरुवात करू. एटोबॅटसच्या जबड्यात दातांची एकच रांग असते. शेजारी कोणी नाही, म्हणून दाताच्या दोन्ही टोकांना शेजाऱ्याशी जुळणारे कोन नसतात. खालच्या जबड्यातला दात मधोमध वाकून इंग्रजी व्हीसारखा होतो आणि मूळ मागे तिरके सरकून माथ्याच्या, म्हणजे वरच्या गुळगुळीत भागाच्या, बाहेर डोकावते. असा तुकडा सापडला तर फार विचार करू नका. वरच्या जबड्यातला दात मात्र बराच सरळ असतो, तिथे टोके आणि मूळ पाहूनच ठरवा.

खरी ओढाताण मायलिओबॅटिस आणि रायनॉप्टेरा यांच्यात. मायलिओबॅटिसमध्ये मधली रांग खूप रुंद आणि दोन्ही बाजूंना छोट्या षटकोनी दातांच्या तीन-तीन रांगा. म्हणजे पट्टीसारखा लांबट, टोकांना कोन असलेला दात मधला, आणि नखाएवढा षटकोन बाजूचा. रायनॉप्टेरात रांगांची रुंदी मधून कडेकडे हळूहळू कमी होते, त्यामुळे बाजूचे दातही बऱ्यापैकी रुंद असतात. दोन-तीन दात जोडलेले सापडले तर रुंदी एकदम घसरते की हळूहळू, एवढे पाहिले तरी पुरते. सुटा दात असेल तर माझे मत सावध आहे. मायलिओबॅटिसच्या पिल्लाचा मधला दातही फारसा रुंद नसतो, वाढत्या वयाबरोबर तो रुंदावतो. त्यामुळे केवळ मोजपट्टी लावून रायनॉप्टेरा म्हणू नये. शिवाय शिंपले चावून माथा झिजलेला असतो, म्हणून त्याच्या जाडीवरही विसंबता येत नाही.

रंगाचा उपयोग एवढाच: काऊनोज जातीचे रायनॉप्टेरा आजही उन्हाळ्यात कॅल्व्हर्टसमोरच्या चेसापीक उपसागरात येतात. फिकट, ताजा दिसणारा दात बहुधा त्यांचा, जीवाश्म नव्हे.

महाराष्ट्राच्या बेसाल्टात असले दात शोधू नका. पण चंद्रपूरला लागून असलेल्या तेलंगणातल्या आसिफाबादला, दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळात, इग्डाबॅटिस या पाकटाचे दात सापडले, आणि ते थर क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या कालखंडाच्या, अखेरचे असल्याचे ठरवताना त्यांचा आधार झाला. नाव चुकले असते तर वयही चुकले असते.

कॅल्व्हर्टला कड्याखाली जाऊ नका, कडे ढासळतात. पाण्याच्या रेषेवर पडलेलेच उचला. आणि डबीवरच्या चिठ्ठीत जागा व तारीख लिहा. नावाची खात्री नसेल तर ‘पाकट, बाजूचा दात’ एवढेच पुरे.