झाकण, बाटली की जाळी? झेल्डात तलवार नसताना काय धरायचं

निन्टेन्डोच्या झेल्डा या व्हिडिओ गेममालिकेत तलवार नायक लिंकच्या हाती कायम राहते, असं समजून बसू नका. 'अ लिंक टू द पास्ट'मध्ये मास्टर सोर्ड ही त्याची खास तलवार धार लावायला लोहारांकडे टाकली की ती परत मिळेपर्यंत हात रिकामा. 'ऑकरिना ऑफ टाइम'च्या शेवटच्या लढतीत खलनायक गॅनन ती उडवून आगीच्या रिंगणाबाहेर फेकतो. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये साध्या तलवारी मोडतात, आणि मास्टर सोर्ड थकली की दहा मिनिटं गप्प पडून राहते. अशा वेळी कामाला येणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या तीन वेगळ्याच जातीच्या: किडे पकडायची जाळी, रिकामी बाटली आणि पातेल्याचं झाकण. यांतली एकही स्वतः मारत नाही. शत्रूने जे फेकलं, तेच त्याच्या अंगावर परत धाडते. बडोद्याच्या दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात ज्यांनी लाठी फिरवली असेल, त्यांना वार नुसता अडवणं आणि परतवणं यांतला फरक समजावून सांगायला नको.

भरवसा हवा असेल तर बाटली. एका फटक्यात मोठं काम हवं असेल आणि चार-सहा वेळा मरायची तयारी असेल तर झाकण. जाळी मौजेची, आणि शिकायला सगळ्यात सोपी.

झाकणापासून सुरू करू, कारण लोक सर्वात जास्त चुकतात ते तिथेच. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (2017) मधलं हे झाकण ढालीच्या खान्यात बसतं. बचाव 1, टिकाऊपणा 10; म्हणजे ढाल म्हणून जवळपास निकामी. खेळातल्याच वर्णनात त्याला चिकनच्या रश्शाचा वास येतो, असं लिहिलंय. तरीही गार्डियन नावाच्या यंत्र-शत्रूचा किरण याच झाकणाने परतवता येतो. नेम बरोबर बसला तर झाकणाचा टिकाऊपणा अजिबात खर्च होत नाही, त्यामुळे महागडी ढाल आणि हे झाकण यांत फरकच उरत नाही. चालत्या गार्डियनचा जीव 1500, परतलेला एक किरण 500 काढतो: तीन वेळा जमलं की संपला. खेळ जिथे सुरू होतो त्या ग्रेट प्लॅटो पठारावरच्या ईस्टर्न ॲबीत जे पाय नसलेले, एका जागी रुतलेले जुने गार्डियन आहेत, ते 500 चे. एकातच जातात. सराव तिथे करायचा.

कृती अशी. कंट्रोलरवरचं ZL बटण दाबून धरा, म्हणजे ढाल समोर येते आणि नजर शत्रूवर खिळते. लाल रेघ तुमच्यावर रोखली जाते, टीक-टीक आवाज जलद होतो, मग त्याच्या डोळ्यात निळसर लखलख होते. त्या क्षणी A. आवाज मोजत बसू नका, डोळा बघा. फार जवळ उभे असाल तर किरण लगेच पोचतो आणि बोट मागे पडतं. फार लांब असाल तर किरणाला यायला वेळ लागतो आणि लखलख पाहून मारलेला A लवकर होतो. म्हणून मधलं अंतर ठेवा आणि सगळा सराव त्याच अंतरावर करा.

चुकलं की झाकण फुटतं, आणि तीन हार्टवर (जीव दाखवणारे बदाम) असाल तर पुढच्या किरणाला तुम्हीही. चूक नेहमी बोटाची असते असं नाही. निन्टेन्डोच्या पहिल्या स्विच यंत्रावर हा खेळ सेकंदाला 30 फ्रेमने, म्हणजे 30 चित्रांनी चालतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे 33 मिलिसेकंदांची. टीव्ही चित्र गुळगुळीत करायच्या नादात 100 मिलिसेकंद खात असेल तर तुम्ही तीन फ्रेम जुनं चित्र बघताय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. बडोद्यात रावपुऱ्यातल्या एखाद्या घरात हॉलचा एकच टीव्ही आजीच्या मालिकांसाठी सिनेमाच्या मोडवर लावून ठेवलेला असतो, आणि नातू महिनाभर स्वतःच्या बोटांना दोष देतो. टीव्ही मिळतच नसेल तर स्विच हातात धरून त्याच्याच पडद्यावर खेळा. तिथे ही भानगड नाही. दुसरी चूक: समोर दोन गार्डियन असताना झाकण काढणं. ZL एकावरच खिळतो, दुसरा बाजूने भाजतो.

झाकणासोबत उजव्या हातात पळी धरावी असा मोह होतो, कारण जोडी शोभते. पळीची ताकद 4, टिकाऊपणा 5. शोभेपुरतीच. घरगुती वस्तूंतच राहायचं असेल तर शेतातली कुदळ (16, टिकाऊपणा 6) किंवा होडीचं वल्हं (14 आणि 8) घ्या, पण दोन्ही दोन हातांनी धरायची, त्यामुळे वार करताना झाकण पाठीवरच राहतं. लाकूडतोड्याची कुऱ्हाड 47 टिकते, ताकद मात्र 3. तिने झाडं तोडा. आणि काहीही मोडायला आलं, लाल चमकायला लागलं, की R दाबून धरून नेम धरा आणि फेका. ज्या फटक्याने मोडतं, तो दुप्पट लागतो.

आता बाटली. 'ऑकरिना' (1998) मध्ये एकूण चार मिळतात. पहिली सगळ्यात स्वस्तात: लहानपणीच्या लिंकने काकारिको गावात कोंबड्यावाल्या बाईच्या सात कोंबड्या गोळा करून कुंपणात सोडायच्या. ही बाटली जुन्या निन्टेन्डो 64 कंट्रोलरच्या C बटणावर ठेवायची आणि फॉरेस्ट टेम्पलमधला फँटम गॅनन असो वा शेवटचा गॅननडॉर्फ (गॅननचं माणसाचं रूप), त्याने फेकलेला प्रकाशाचा गोळा जवळ आला की फिरवायची. गोळा परत जातो, तो पुन्हा टोलवतो, तुम्ही पुन्हा. जो चुकेल त्याच्या अंगावर. ही टोलवाटोलवी तलवारीनेही होते, मग बाटली कशाला? कारण तलवारीचा वार स्टिक कुठे ढकललीय त्यावर बदलतो: कधी आडवा, कधी भोसक. घाईत स्टिक पुढे गेली की भोसक निघतो आणि गोळा बाजूने येऊन लागतो. बाटली दर वेळी सारखीच फिरते.

अट एकच, आणि सगळे तिथेच फसतात: बाटली रिकामी हवी. आत दूध असेल तर लिंक भर लढाईत उभा राहून ते पिणार. शेवटच्या लढतीला जाताना तीन बाटल्यांत परी भरा, चौथी मोकळी ठेवा आणि तीच C वर बसवा. स्विचवर हा खेळ खेळताना उजवी स्टिक C बटणांचं काम करते. ती तिरकी गेली की शेजारची वस्तू निघते, म्हणून शेजारी बॉम्ब ठेवू नका. हातात धरायच्या 3DS यंत्राच्या आवृत्तीत (2011) बाटली X किंवा Y वर ठेवा, खालच्या टच पडद्यावर नको. बोट शोधत जाईपर्यंत गोळा येतो.

बाटली जिथे संपते ते ठिकाणही माहीत हवं. गोळा लागून गॅननडॉर्फ लुळा पडला की लाइट ॲरो (प्रकाशाचा बाण) मारायचा, मग तलवार. आणि त्यानंतरच्या लढतीत गॅननने मास्टर सोर्ड उडवल्यावर टोलवायला गोळाच नाही. तिथे शेपटीवर मेगाटन हॅमर किंवा बिगोरॉनची तलवार चालते. अखेरचा घाव मात्र मास्टर सोर्डचाच लागतो.

जाळीबद्दल थोडक्यात. 'अ लिंक टू द पास्ट' (1991) मध्ये काकारिकोतला आजारी मुलगा ती देतो, पण तुमच्याकडे आधी बाटली असेल तरच. बाटली त्याच गावातला फेरीवाला 100 रुपीला विकतो. रुपी म्हणजे खेळातलं नाणं, आपला रुपया नव्हे. जाळी Y वर येते, फेरा मोठा पण संथ, म्हणून दुष्ट मांत्रिक अगाहनिमचा गोळा तलवारीपेक्षा अंमळ आधी अडवायला निघा. लहान निळ्या गोळ्यांचा घोळका फेकला तर बाजूला व्हा, तो मारला की फुटून पसरतो. अगाहनिम वर मधोमध जाऊन उभा राहिला की वीज येणार. ती परतत नाही. साध्या शिपायांवर जाळीचा काही परिणाम होत नाही, त्यामुळे 10 रुपी देऊन तलवार लोहारांकडे टाकलेल्या काळात जाळी नाही, हातोडा धरा. जाळीचा खरा फायदा लढाईबाहेर आहे: परी आणि मधमाश्या पकडून बाटलीत भरायच्या.

स्विचवरच्या जुन्या सुपर निन्टेन्डोच्या संग्रहात ZL आणि ZR एकत्र दाबले की खेळ मागे नेता येतो. घरातल्या लहान मुलाला टोलवण्याची वेळ शिकवायची असेल तर जाळीने आणि या सोयीने सुरुवात करा, मग बाटली. झाकण टीव्हीचा गेम मोड लागल्यावर.