मारुती जिम्नीच्या पाठीवर स्टेपनी कोणती?
चारही चाकांना २१५/७५ आर१५ (रुंदी २१५ मिमी, उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंची) ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे टायर घातले की पाचवाही तोच घ्यावासा वाटतो. घेऊ नका. मूळचा १९५/८० आर१५ स्टेपनीला उत्तम: २० मिमी अरुंद, हलका, मागच्या दाराच्या बिजागऱ्यांवर ताण कमी. चिखलात गुडघ्यावर बसून चाक स्टडवर चढवताना तर हा फरक हातांना लगेच कळतो.

मूळच्या टायरचा व्यास ६९३ मिमी, २१५चा साधारण ७०४. दीड टक्क्याचा फरक चालतो. २३५/७५वाल्यांनी मात्र हा नाद सोडावा, तिथे फरक ४० मिमी होतो.

मागचं चाक पंक्चर झालं तर पुढचं मागे न्या आणि स्टेपनी पुढे लावा. जॅक दोनदा लावावा लागतो, पण कंटाळा नको. गाडी टू-एचमध्येच (ताकद फक्त मागच्या चाकांना) ठेवा, म्हणजे मागची जोडी सारखी राहते. डांबरावर फोर-एच (ताकद चारही चाकांना) टाकलं तर असमान व्यासाचा पीळ थेट ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर येतो.