नाताळचे दारूकाम आधी आले, पाणी वर्षभराने: डिस्नीलँडच्या दोन रात्री

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मैदानी भागात नाताळात बर्फ पडत नाही. अ‍ॅनाहाइमच्या डिस्नीलँडमध्ये मात्र तो रात्री ठरल्या वेळी पडतो, आणि तो बर्फ नसून साबणाच्या पाण्याचा फेस असतो. दुकानांच्या छपरांवर दडवलेली यंत्रे तो वरून सोडतात आणि खाली उभी असलेली माणसे, सगळे ठाऊक असूनही, तळहात पुढे करतात. करोनाच्या बंदीनंतर नाताळच्या दारूकामासह हा फेस पुन्हा पडू लागला तो १२ नोव्हेंबर २०२१ पासून. ‘बिलीव्ह... इन हॉलिडे मॅजिक’ हा २००० पासून चालत आलेला आतषबाजीचा खेळ त्या दिवशी परतला. शेजारच्या कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर उद्यानातील पाण्याचा नाताळी खेळ, ‘वर्ल्ड ऑफ कलर – सीझन ऑफ लाइट’, यायला आणखी एक वर्ष लागले. मी पहिला खेळ २०२१ च्या डिसेंबरात पाहिला आणि २०२२ च्या डिसेंबरात दोन्ही पाहिले. एकच संध्याकाळ हाताशी असेल तर कोणता पाहावा, हा प्रश्न आमच्याकडे येणारे पाहुणे दरवर्षी विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बंदी केवढी लांबली होती, हे आता विसरायला होते. हे उद्यान जुलै १९५५ मध्ये उघडले आणि त्यानंतर ठरलेल्या सुट्ट्या सोडता ते अचानक दिवसभर बंद राहिल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके होते. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतरचा शोकाचा दिवस हा त्यांतला एक आणि ११ सप्टेंबर २००१ हा दुसरा. १४ मार्च २०२० रोजी लागलेले कुलूप मात्र ३० एप्रिल २०२१ रोजी निघाले, म्हणजे ४१२ दिवसांनी. याच कंपनीची फ्लोरिडातील उद्याने जुलै २०२० मध्येच सुरू झाली होती, कारण त्या राज्याचे नियम वेगळे होते. अ‍ॅनाहाइममध्ये मधल्या काळात, जानेवारी २०२१ मध्ये, उद्यानाच्या वाहनतळावर ऑरेंज काउंटीचे लसीकरण केंद्र उभे राहिले, आणि आमच्या ओळखीतल्या कित्येकांची त्या वर्षीची डिस्नीलँडची एकमेव फेरी ही दंडावर सुई टोचून घेण्यासाठी झाली.

उद्यान उघडले तेव्हाही रात्र रिकामीच होती. प्रवेश क्षमतेच्या पाव भागाइतक्या लोकांना, तोही फक्त कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना; मिरवणूक नाही आणि आतषबाजी नाही. त्यामागचे कारण सरळ होते. पाळण्यांवर माणसे एक आड एक बसवता येतात, रांगेत अंतर आखून देता येते, पण दारूकामाचा स्वभावच असा की तो उद्यानभर पांगलेल्या हजारोंना एका वेळी एका रस्त्यावर खेचून आणतो. त्यामुळे आधी पाळणे, मग ४ जुलैला साधी आतषबाजी आणि नोव्हेंबरात नाताळची, अशा हप्त्यांनी ही रात्र भरत गेली.

नाताळची आतषबाजी परतली त्याच आठवड्यात, ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, भारतातून येणाऱ्या लसवंत प्रवाशांसाठी अमेरिकेची दारेही उघडली. दीड वर्ष रद्द होत राहिलेले माझ्या आईचे येणे त्यामुळे शक्य झाले आणि डिसेंबरच्या एका शुक्रवारी आम्ही दोघी मेन स्ट्रीट या उद्यानातल्या मुख्य रस्त्यावर उभ्या होतो. तेव्हा तिकिटाखेरीज त्या दिवसाचे वेगळे आरक्षणही लागत असे. त्या हंगामात एका उद्यानाचे एका दिवसाचे तिकीट तारखेनुसार १०४ डॉलरपासून पुढे होते. हा आकडा मी आईला रुपयांत सांगितला नाही.

आता खेळाविषयी. रस्त्याच्या टोकाचा ‘स्लीपिंग ब्युटी’चा राजवाडा छायाचित्रांत दिसतो त्याहून बराच लहान आहे, जेमतेम ७७ फूट. वर जाताना दगड लहान लहान करत नेल्यामुळे तो उंच भासतो. नाताळात त्याच्या निळ्या छपरांवर खोटे बर्फ चढवतात, कडांना हिमाच्या काड्या लटकवतात आणि ऐंशी हजारांहून अधिक दिवे लावतात. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला साठ फुटी नाताळवृक्ष. रात्री साडेनऊच्या आसपास रस्त्यावरचे दिवे मंदावतात, बोलणी आपोआप खाली येतात आणि निवेदनाचा आवाज सुरू होतो. हे निवेदन मला कधीच आवडले नाही. सणाचा खरा अर्थ काय, आठवणी कशा जपाव्यात, असल्या गोड वाक्यांनी ते भरलेले आहे आणि त्या वाक्यांची गरज पहिल्या बाणानंतर उरत नाही.

साताऱ्याकडच्या यात्रांत शोभेचे दारूकाम पाहिलेल्या आईला दारूकामाचे कौतुक नव्हते. तिचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. ‘धूर कुठे गेला गं?’ तिने विचारले. प्रश्न अगदी नेमका होता. आपल्याकडे बाण उडतो तो दारूच्याच जोरावर, त्यामुळे वर फुटण्याआधी खालीच धुराचा लोट उठतो. डिस्नीलँडने २००४ पासून हे गोळे दाबलेल्या हवेच्या जोराने वर फेकण्याची पद्धत सुरू केली. त्यामुळे धूर कमी झाला हा एक फायदा. दुसरा, आणि माझ्या मते मोठा, फायदा वेळेचा. गोळा कोणत्या उंचीवर आणि कोणत्या क्षणी फुटेल हे बारकाईने ठरवता येते, म्हणून घंटेच्या प्रत्येक टोल्याला आकाशात एकेक पांढरा ठिपका उमटतो, आणि द्रुत लयीत तबल्याची बोटे पडावीत तशा ठिणग्या गाण्याच्या मात्रांवर पडत जातात. आपल्या दिवाळीत आवाज हाच फटाक्याचा पराक्रम मानला जातो. इथे आवाज गाण्याच्या मागे चालतो. सुतळी बॉम्बवर वाढलेल्या कानांना हे आधी अळणी वाटते. पाचेक मिनिटांत सवय होते.

मधला भाग मात्र घाईचा आहे. नाताळची गाणी एकापुढे एक अशी गुंफली आहेत की कोणतेही धड रुजत नाही. एखादा कडवाभर रंगला की पुढचे सुरू. संगीतसंयोजनातही २००० च्या सुमाराचा गुळगुळीतपणा ऐकू येतो. बंदीच्या एवढ्या मोठ्या खंडानंतर काही नवे जोडले जाईल अशी माझी अपेक्षा होती. तसे काही झाले नाही, आणि आसपासच्या लोकांचे चेहरे पाहता त्यांना ते नकोच होते. पाठ असलेली आरती चालीसकट तशीच म्हटली जावी, ही त्यांची मागणी होती. माझ्या पुढे उभे असलेले एक वयस्क जोडपे प्रत्येक गाण्याच्या आधी पुढचे गाणे ओठांत पुटपुटत होते.

शेवटची माळ फुटल्यावर आकाश काळे होते. लोक पांगतील असे वाटते, पण कोणीही जागचे हलत नाही, कारण सराईतांना पुढचे ठाऊक असते. संगीत हळू होते, रस्त्यावर निळसर प्रकाश उतरतो आणि वरून फेसाचे पुंजके तरंगत येऊ लागतात. या पंधरा मिनिटांच्या खेळातला उत्तम भाग कोणता, असे मला विचाराल तर तो हा, ज्यात एकही फटाका नाही. आईने शालीवर पडलेला पुंजका बोटाने उचलला, वास घेतला आणि निकाल दिला: ‘अगं, हा तर धुण्याचा फेस.’ एवढे बोलून तिने तोच हात पुन्हा पुढे केला.

जागेविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. मेन स्ट्रीटवरून राजवाडा समोर येतो आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या दर्शनी भिंतींवर चित्रे सोडलेली दिसतात, म्हणून सगळे तिथेच दाटतात. २०२१ मध्ये मी एका झाडाखाली उभी राहण्याची चूक केली आणि आकाशाचा तिसरा हिस्सा फांद्यांना दिला. पुढच्या वर्षी मी ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’च्या अंगणात गेले. तिथून राजवाडा दिसत नाही, पण बाण जिथून सुटतात ती जागा उद्यानाच्या मागच्या बाजूला असल्याने दारूकाम जवळजवळ डोक्यावर येते, समोर त्या पाळण्याची दिव्यांनी मढवलेली पांढरी भिंत असते आणि फेस तिथेही पडतो. गर्दी निम्मी. लहान मुलांना आवाज सोसत नसेल तर मात्र तिथे जाऊ नये. उद्यानातल्या कृत्रिम नदीकाठचा भाग बरा, तिथेही संगीत आणि फेस दोन्ही पोहोचतात.

तारीख निवडताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, आतषबाजी दररोज नसते. ऐन सुट्टीचे दिवस सोडले तर ती साधारण आठवड्याच्या अखेरीस असते आणि बाकीच्या रात्री भिंतींवरची चित्रे, संगीत आणि फेस एवढ्यावर भागवतात. ती रात्र वाईट नसते, पण सारणाशिवाय मोदकाची नुसती पारी खाल्ल्यासारखी असते. दुसरी गोष्ट वाऱ्याची. याच महिन्यांत वाळवंटाकडून सांता अ‍ॅना नावाचे कोरडे वारे सुटतात. जमिनीवर पानही हलत नसताना वरच्या थरात वारा जोरात असू शकतो, आणि जळते अवशेष वस्तीकडे वाहून जाऊ नयेत म्हणून दारूकाम ऐनवेळी रद्द केले जाते. ही खबरदारी योग्यच आहे. दूरच्या गावाहून एकाच रात्रीसाठी येणाऱ्याने मनाची ती तयारी ठेवावी, आणि जमल्यास दोन रात्री हाताशी ठेवाव्यात.

पाण्याचा खेळ २२ एप्रिल २०२२ रोजी परतला आणि त्याची नाताळी आवृत्ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आली. यंत्रणा म्हणून पाहिली तर ती दारूकामापेक्षा कितीतरी थोर आहे. तळ्यात बाराशेच्या आसपास कारंजी, त्यांतली सर्वांत जोरकस दोनशे फुटांपर्यंत जाणारी, मागे दीडशे फुटी चक्री पाळणा, आणि मध्ये पाण्याच्या तुषारांचा रुंद पडदा, ज्यावर चित्रपटांतले प्रसंग उमटतात. एकेका कारंज्याला स्वतःचा रंग असतो. नाताळच्या एका शांत गाण्यावर ती सगळी कारंजी गुडघाभर उंचीवर एकत्र डोलू लागली, तेव्हा वाऱ्यावर लवणाऱ्या भाताच्या खाचरासारखी दिसली. असे प्रसंग आणखी हवे होते. त्याऐवजी पुन्हा पुन्हा तुषारांच्या पडद्यावर चित्रपटांचे तुकडे येतात आणि त्यांना गाण्यांची जोड दिली जाते. लग्नाच्या चित्रफितीला मागाहून सनई चिकटवावी, तशी ती जोड वाटते. पडद्यावरचे चित्र वाऱ्याच्या एका झुळकीने फाटते, नायिकेचे नाक कानापाशी जाते, आणि डोळे पुन्हा आपोआप कारंज्यांकडे वळतात. ज्यांना ते चित्रपट पाठ आहेत त्यांना हा भाग जवळचा वाटेल, हे मान्य. माझ्या लेखी पाण्याला पाण्याचेच काम दिले असते तर हा खेळ दोन्हींत श्रेष्ठ ठरला असता.

शिवाय त्यासाठी आधी धावपळ करावी लागते. उभे राहण्याची जागा मोबाइलवरच्या आभासी रांगेतून मिळवायची असते, ती दुपारी ठरल्या वेळी उघडते, आणि त्या मिनिटाला हातात चहाचा पेला असेल तर तो खाली ठेवावा लागतो. पुढच्या ओळींत तुषार अंगावर येतात. डिसेंबरच्या रात्री ओले होऊन उभे राहण्याची हौस नसेल तर मागचा उंचवटा पकडावा. या उद्यानाची एक जमेची बाजू सांगायला हवी: नाताळच्या दिवसांत तिथे जो सणांचा उत्सव भरतो त्यात ज्यूंचा हनुका, आफ्रिकी-अमेरिकनांचा क्वान्झा यांच्याबरोबर दिवाळीही असते, आणि भारतीय नाचाच्या वेळी आपल्याकडची मुले पुढे होऊन, न बोलावता, ठेका धरतात. आईला हे पाहायला मिळायला हवे होते. २०२२ मध्ये ती साताऱ्यात होती.

माझे उत्तर असे. पहिल्यांदा येणाऱ्याने दारूकाम असलेली रात्र निवडावी आणि डिस्नीलँडमध्येच राहावे. पाण्याचा खेळ दुसऱ्या दिवशीसाठी ठेवावा, किंवा सोडून द्यावा. ज्येष्ठ माणसे बरोबर असतील तर पाऊण तास आधी जागा धरावी, पण तेवढा वेळ त्यांना उभे न ठेवता जवळच्या बाकावर बसवावे आणि जागा आपण राखावी. गरम कपडे आवश्यक आहेत, कारण सूर्य मावळला की इथला गारवा झपाट्याने वाढतो. शक्यतो लोकरीची शाल न्यावी. सुती ओढणीवर पडलेला फेस तत्काळ विरतो. लोकरीवर मात्र तो गाडीपर्यंत टिकतो.