गिझर आणि ‘टंकी फट गई’वाले

ग्वाल्हेरात थंडी पडली की गिझर बिघडतात आणि त्यांच्या मागोमाग ठग येतात. शहराच्या लष्कर भागातल्या एका वयस्कर जोडप्याकडे झालेला प्रकार अगदी नमुनेदार. पाणी तापेना, म्हणून काकांनी इंटरनेटवर कंपनीचा म्हणून दिसलेला नंबर फिरवला. आलेल्या माणसाने सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकणारं पाणी दाखवलं, “टंकी फट गई है, वर्कशॉप ले जानी पड़ेगी,” म्हणाला आणि आगाऊ पैसे घेऊन गिझर उचलून नेला. परत आणला तो साडेचार हजारांच्या बिलासकट.

टाकी फुटलेलीच नव्हती. 15 लिटर पाणी 15 अंशांवरून 65 वर गेलं की पाव लिटरहून थोडं जास्तच फुगतं. ते जादा पाणी सोडणं हे व्हॉल्व्हचं कामच आहे. टाकी खरोखर गळत असेल तर गिझर बंद असतानाही आवरणाच्या तळातून पाणी येत राहतं.

खरा दोष कटआउट, म्हणजे पाणी फार तापल्यावर वीज तोडणारा सुरक्षा-स्विच, पडल्याचा. तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट चिकटला की पाणी नको इतकं तापतं, किंवा बोरिंगच्या पाण्याचा क्षार एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवर, जाड बसला की एलिमेंटच नको इतकं तापतं, आणि कटआउट वीज तोडतो. बऱ्याच गिझरना खालचं झाकण काढल्यावर त्याचं छोटं बटण दिसतं. ते दाबलं की ‘टक्’ होऊन गिझर सुरू. दोन-चार दिवसांत पुन्हा पडला तर थर्मोस्टॅट बदलायचा. काहीशे रुपयांचं काम.

मेकॅनिकला मल्टिमीटर लावायला सांगा, पण आधी एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा मुख्य स्विच) पाडून. 2000 वॉटच्या एलिमेंटच्या दोन टोकांत साधारण 26 ओहम यायला हवेत; काहीच आलं नाही तर एलिमेंट जळलेलं. एक टोक आणि टाकीचा पत्रा यांच्यात मात्र काहीही दिसता कामा नये, दिसलं तर करंट पत्र्यात उतरतोय. थंड थर्मोस्टॅट, नॉब पूर्ण फिरवून, मीटरवर बीप देतो. ज्याच्याकडे मीटरच नाही त्याला ‘एलिमेंट गया’ कळतं तरी कसं?

पैसे गेले ते गेले, पुढचं जास्त वाईट. त्या माणसाने कटआउटच्या दोन वायरी एकत्र पिळून वर टेप गुंडाळली होती. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने झाकण उघडलं तेव्हा हे दिसलं. थर्मोस्टॅट चिकटला की असा गिझर पाणी उकळत ठेवतो, आणि व्हॉल्व्हही क्षाराने जाम असेल तर टाकी फुटू शकते. म्हणजे तेव्हा ‘टंकी फट गई’ खरं ठरलं असतं! दुरुस्तीनंतर झाकण लावण्याआधी मोबाइलने आतला फोटो काढाच, आणि जुना भाग हातात मागून घ्या.

नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा गिझरच्या स्टिकरवरचाच घ्यावा. गिझर घराबाहेर जाऊ देऊ नये. थर्मोस्टॅट आणि एलिमेंट भिंतीवरच बदलता येतात. बिलावर भागाचं नाव लिहून घ्या. खोट्या नंबरावर ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930, बिलाच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915.