पासिंग चिंचवडचं, गाळ सांगलीचा

सांगलीच्या माणसाला पुरात बुडालेली गाडी विकणं म्हणजे कोळणीला शिळा बोंबील विकणं. मला विकली. दिवसाढवळ्या, वर चहा पाजून.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या आमच्या जुन्या घरात कृष्णा जिन्याच्या आठव्या पायरीला लागली होती. पाणी ओसरल्यावर घरातल्या सगळ्यांनी आठ दिवस खोऱ्याने गाळ ओढला. तो वास एकदा नाकात बसला की बसला. तेव्हापासून आमच्याकडे जुनी गाडी घेताना एक ठरून गेलं: पासिंग एमएच १० किंवा कोल्हापूरचं ०९ असलं की पहिला प्रश्न पुराचा. हा नियम मी पक्का पाळला, आणि त्यातच अडकलो.

मी, माझा मेहुणा आणि कॉलेजचा एक मित्र, सप्टेंबर २०२२ मध्ये मनालीवरून लेहला गाडीने जायचं ठरलं होतं. नव्या गाडीचं बजेट नव्हतं. डिझेल, चेसिसवर बांधलेली, आणि कुठल्याही ढाब्याजवळचा मिस्त्री उघडू शकेल अशी गाडी हवी होती. म्हणजे बोलेरो किंवा स्कॉर्पिओ. फोर बाय फोरचा हट्ट मेहुण्याचा होता, पण सप्टेंबरात त्या मुख्य रस्त्याला त्यावाचून अडत नाही. अडतं ते गाडी बंद पडली तर. त्या रस्त्यावर टांडीचा पंप सुटला की पुढचा ३६५ किलोमीटरवर, अशी पाटीच आहे तिथे. जिथे डिझेल नाही तिथे सुटा भाग कुठला मिळायला?

मार्चमध्ये सातारा हायवेला लागून असलेल्या एका जुन्या गाड्यांच्या गाळ्यावर २०१८ ची पांढरी स्कॉर्पिओ बघितली. एमएच १४, म्हणजे पिंपरी-चिंचवड. सिंगल ओनर. मीटर ५१ हजार. गाळेवाला म्हणाला, "आयटीवाल्याची गाडी आहे साहेब. लॉकडाऊनमध्ये दोन वर्षं नुसती उभी. साहेब आता अमेरिकेला गेलेत." किंमत बाजारापेक्षा साठ-सत्तर हजारांनी कमी. संशय यावा इतकी नाही, मोह सुटावा इतकी. हिशोबी माणूस होता.

मी आमच्या मिस्त्रींना बरोबर नेलं होतं. त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे गाडी आम्ही पोचेपर्यंत सुरू केलेली नव्हती, इंजिन गार होतं. पहिल्या सेल्फला लागली. धूर निळा नाही, पांढरा नाही. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं तर वाफ उसळली नाही. कूलंटमध्ये तेलाचा तवंग नाही. मिस्त्रींनी वीस किलोमीटर गाडी पळवली आणि म्हणाले, "इंजिन गुळगुळीत आहे." असणारच. ते नुकतंच उघडून बांधलेलं होतं, हे नंतर कळलं. गाळेवाला स्वतः बोनेट उघडून उभा राहिला होता, "बघा, मनसोक्त बघा" म्हणत. त्याने जे दाखवलं ते आम्ही बारकाईने बघितलं. जे दाखवलं नाही तिकडे आमच्यापैकी एकाचीही नजर गेली नाही.

आता आठवतं. सीट कव्हरं कोरी करकरीत. पायाखाली नवी मॅट, डिकीतही नवी. डॅशबोर्डवर जेलच्या अत्तराच्या दोन डब्या. एका गाडीला दोन कशाला लागतात? आणि विमा. चार वर्षांच्या, जपून वापरलेल्या गाडीला फक्त थर्ड पार्टी पॉलिसी, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान न भरणारी, तीही महिन्यापूर्वी काढलेली. मी म्हटलं, जुनी पॉलिसी दाखवा. "ती साहेबांकडे राहिली." मालकाचा नंबर मागितला. "अमेरिकेतला नंबर लागत नाही हो, तिथली रात्र असते." मी हसलो. खरंच हसलो, काय करणार!

सरकारच्या एमपरिवहन ॲपवर बघितलं तर मालक पहिलाच, कर्जाचा बोजा नाही, फिटनेस ठीक. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर मालकाच्या सह्या तयार होत्या. शंभराच्या स्टॅम्पवर एक ओळ होती, "वाहन पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत घेतले." त्याखाली माझी सही.

पुढचे पाच महिने गाडीने तक्रारीला जागा दिली नाही. नाही म्हणायला डावीकडची मागची काच कधीकधी मनाने खाली जायची. ब्रेकच्या एबीएसचा दिवा एकदा लागला आणि विझला. मिस्त्री म्हणाले, सेन्सरवर धूळ बसली असेल. या काळात मी टायर बदलले, कूलंटचे पाइप आणि फॅन बेल्ट बदलले, टपावर कॅरियर बसवला. मित्राने पिवळ्या फॉगलॅम्पचा हट्ट धरला, तेही लावले.

मनाली, अटल बोगदा, केलाँग, जिस्पा. इथवर मजेत. दारचा गाव मागे पडल्यावर तिघांच्याही मोबाईलची रेंज गेली. बारालाचाच्या अलीकडच्या चढाला चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडी ओढेनाशी झाली. पहिल्या गिअरमध्ये रांगत ४,८९० मीटरची ती खिंड पार केली आणि संध्याकाळी सरचूला तंबूत मुक्काम टाकला. सकाळी सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही. तंबूवाला म्हणाला डिझेल गोठलं असेल, ऊन येऊ द्या. दहा वाजता लख्ख ऊन पडलं तरी तेच. वायपर मात्र बटण न दाबता फिरायला लागले. मेहुणा आधी हसला, मग एकदम गप्प झाला. त्याचं डोकं दुखत होतं, विरळ हवेत ते लागतंच. आणि इथे किती दिवस अडकणार याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका रिकाम्या टेम्पोवर गाडी चढवून केलाँगला आणली. वीस हजार रोख. टेम्पोवाल्याने ते उपकार केल्यासारखेच घेतले, आणि खरं तर ते उपकारच होते.

केलाँगच्या मिस्त्रीने बोनेटला हातसुद्धा लावला नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, सीटबेल्ट धरला आणि ओढत, ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. आपण बेल्ट लावतो तेव्हा तो निम्माअर्धाच बाहेर येतो. उरलेला खांबातल्या रिळावर गुंडाळलेला असतो, तिथवर धुणाऱ्याचा हात जात नाही. शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती, आणि रेघेखाली वाळलेला गाळ. "पानी में गई थी," तो एवढंच म्हणाला. मी पट्टा नाकाला लावला. केलाँगमध्ये, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर, मला आमच्या गावभागातल्या माजघराचा वास आला.

मग त्याने सीटच्या रुळांचे बोल्ट दाखवले, गंजून फुगलेले. मॅटखालचं कार्पेट उचललं, तर खालचा फोम ओलसर. वायरिंगचा एक जोड सोडवला, तर आत पितळेचं भांडं कळकतं तसा हिरवा थर. पाणी तांब्याच्या बारीक तारांतून जोडाच्या आत चढतं आणि तिथेच बसून राहतं. गंज महिनोन् महिने सावकाश वाढतो. म्हणून अशी गाडी घेताना ठणठणीत असते आणि नंतर कधीतरी, थंडीत नाहीतर खडबडीत रस्त्यावर, एकेक जोड सुटत जातो. इंजिन बांधून देता येतं. गाडीभर पसरलेलं वायरिंग बदलायचं तर गाडी मोकळी करावी लागते. तेवढा खर्च गाळेवाला कशाला करेल?

लेह राहिलं ते राहिलंच. मनालीत वायरिंगचा संच आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, मिळून ९० हजारांच्या पुढे गेले, बारा दिवस गेले, आणि मित्राची नोकरी जाता जाता वाचली.

परत आल्यावर माझी बहीण आरसी बुकातल्या चिंचवडच्या पत्त्यावर जाऊन आली. मालक अमेरिकेला वगैरे गेलेला नव्हता. मूळचा सांगलीचाच होता. २०२१ मध्ये घरून काम होतं म्हणून शामरावनगरात आईवडिलांकडे येऊन राहिला होता, गाडीसकट. त्या जुलैच्या पुरात गाडी टपापर्यंत पाण्यात गेली. त्याने सगळं सरळ सांगितलं. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस', म्हणजे पूर्ण नुकसान, धरते. त्याला पैसे मिळाले, त्याने कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, आणि बुडालेली गाडी लिलावात गेली. घेणाऱ्याने स्वतःच्या नावावर केलीच नाही. म्हणून कागदावर गाडी सिंगल ओनर. ॲपने मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पासिंगचा नंबर गाडी कुठे नोंदवली ते सांगतो. पुराच्या रात्री ती कुठे उभी होती, ते नाही.

एक फोन या माणसाला केला असता तर संपलं असतं. मालकाशी बोलणं होत नसेल तर गाडी सोडा, मग कितीही गोजिरी असो. जुनी पॉलिसी मागा आणि तिच्यात नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, रकाना बघा. सलग तीन वर्षं क्लेम नसेल तर तो ३५ टक्के असतो, शून्य असेल तर का ते विचारा. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसची नोंद काढून घ्या. माझ्या गाडीची शेवटची नोंद फेब्रुवारी २०२१ ची होती. पुढचं सगळं कोरं, आणि ते मी 'लॉकडाऊन' म्हणून गिळलं. सीटबेल्ट मात्र पाचही ओढा. त्याला पैसे पडत नाहीत.

गाळेवाल्याने स्टॅम्प दाखवला. "तपासून घेतलीय साहेब, मिस्त्री तुमचाच होता." पोलीस म्हणाले दिवाणी बाब आहे. वकिलाने ग्राहक आयोगात जाऊ म्हटलं, दोन वर्षांची मुदत होती. नोटीस गेल्यावर गाळेवाला दीड लाखावर तडजोडीला आला, आणि मी घेतले. लढायला हवं होतं असं बायको अजून म्हणते. तिचं बरोबर असेल.

गाडी विकताना मी स्टॅम्पवर लिहूनच दिलं: जुलै २०२१ च्या पुरात बुडालेली. तीन गिऱ्हाइकं तेवढं वाचून उठून गेली. चौथा तासगावकडचा द्राक्षबागायतदार, त्याला बागेत औषधाचे ड्रम वाहायला हवी होती. भाव निम्म्याखाली पाडून घेऊन गेला. परवा मार्केट यार्डात भेटला. म्हणाला, गाडी चालते की, फक्त ढग आले की वायपर आपोआप सुरू होतात.