पड रानासाठी ट्रॅक्टरचा फासाचा कुळव: पावसाळा अन् शाळू दोन्ही पार पडल्यावरचा अनुभव

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्याला ऊस अन् पंचगंगेचं पाणी दिसतंय, पण आमच्या कुंभोज-नेज बाजूला बाहुबलीच्या डोंगराखाली अशी रानं आहेत की जिथं कुठल्याच उपसा सिंचनाचं (लिफ्टचं) पाणी पोचलेलं नाही. गगनबावड्याला 5000 मिलिमीटरच्या घरात पाऊस अन् शिरोळात 500 च्या आसपास, जिल्हा एकच! आमचा कल शिरोळकडं. त्यामुळं खालचं काळं रान पावसाळाभर पड (पेरणी न करता मोकळं) ठेवायचं अन् दसऱ्याच्या आगंमागं शाळू (रब्बी ज्वारी) टाकायचा हे वडिलांपासून चालत आलंय. प्रश्न एवढाच की जून ते सप्टेंबर त्या पड रानात तण माजतंय त्याचं काय करायचं.

बैलजोडी जाऊन बरीच वर्षं झाली, भाड्याने बैल मिळाले तरी वाफसा (ना चिखल ना कोरडं, मशागतीजोगी ओल) असतोय त्याच दोन दिवसात सगळ्या गावाला पाहिजे असतात. म्हणून उन्हाळ्यात मिनी ट्रॅक्टरला जोडायचा फासाचा (मातीखालून सरकणाऱ्या आडव्या लोखंडी पात्याचा) कुळव करून घेतला. ट्रॅक्टर 24 एचपीचा, कुळव साडेचार फुटी, खोली सारखी ठेवणारी दोन चाकं म्हणजे डेप्थ व्हील, सगळं मिळून 19 हजाराला पडला. कंपनीचा नाही, वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला, त्यामुळं नाव विचारू नका, तसला कुळव कुठलाही चांगला वेल्डर करून देईल.

आधी एक गोष्ट बोलतो कारण ती कळली नाही तर हा खर्च फुकट वाटेल. पड रानातलं तण काढायचं ते रान चकाचक दिसावं म्हणून नाही. शाळूला पेरणीनंतर वरून पाऊस मिळेलच असं नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवरच कणीस भरायचं असतंय. उन्हानं उडतंय ते जास्त करून वरच्या थरातलं पाणी, पण तण मुळं सोडून फूटभर खालचं ओढतंय अन् पानातनं हवेत सोडून देतंय. म्हणजे हिरवं दिसतंय तेवढी शाळूची ओल गेली समजायची. शिवाय कुळवानं वरचे दोन इंच भुसभुशीत झाले की भेगा बुजतात, खालची ओल कोंडून राहतेय. सोलापूरला 1933 साली कोरडवाहू संशोधन केंद्र निघालं तेव्हापासून पावसाळी पाळ्यांचं (कुळव फिरवण्याचं) हेच गणित सांगतात, अन् आमच्या आज्ज्याला ते केंद्र माहीत नसून पण माहीत होतं.

आता कुळव. दोन-तीन पानांचं कोवळं तण असताना, वाफशावर, दोन-अडीच इंच खोल चालवला तर कामाला तोड नाही, लई भारी. फास मातीखालून सरळ सरकतोय, मूळ तुटतंय, तण जागच्या जागी उभं राहतंय अन् दुपारपर्यंत मान टाकतंय. माती उलटीपालटी होत नाही म्हणून खालचं बी वर येत नाही, नवा फुटवा कमी. एकराला दीड तासाच्या आसपास जातोय, डिझेल रोटरच्या (रोटाव्हेटरच्या) निम्म्याच्या पण खाली, कारण रोटर पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) माती कापत बसतोय अन् ह्याला नुसतं ओढायचं असतंय.

पण तण गुडघ्याला लागलं की हाच कुळव डोक्याला ताप. जानोळ्यात (फास धरणाऱ्या उभ्या दांड्यात) गवत अडकून पेंढीच्या पेंढी गोळा होते, दर पंचवीस-तीस फुटाला ट्रॅक्टरची लिफ्ट उचलून झटकायचं, मागं ढीग. त्यामुळं पाऊस उघडला अन् चिखल बुटाला चिकटायचा थांबला की त्याच दिवशी रानात जायचं. मध्ये पाहुणे, लग्न, बँकेचं काम आलं की आठवड्यात हातातनं गेलं. यंत्र किती पण चांगलं असूदे, वाफसा चुकला तर ते शेडमध्येच बरं.

पाळी घातल्यावर चार तास तरी ऊन पाहिजे. संध्याकाळी सर आली की घोळ अन् केना ही तणं परत जीव धरतात, तुटलेल्या कांडीला मुळं फुटतात. केना तर बेरकी, त्याला जमिनीखाली पण फुलं येऊन बी धरतंय, वरचं उपटलं तरी खाली वारस ठेवूनच जातोय. ढगाळ असेल तर सरळ थांबतो, नाहीतर नुसती तणाची लावण होते.

हराळी अन् लव्हाळ्यासारख्या चिवट तणांसाठी हे अवजार घेणार असाल तर नका घेऊ. स्पष्ट सांगतोय. लव्हाळ्याच्या गाठी खाली माळेसारख्या जोडलेल्या असतात, टोकाची जिवंत गाठ बाकीच्यांना झोपवून ठेवते, माळ तुटली की झोपलेल्या पण उगवतात. कुळवानं वरचं पातं कापलं की आठ दिवसात परत हिरवं. सारखं सारखं कापलं तर गाठी दमतात हे खरं, पण तेवढे वाफसे पावसाळ्यात मिळत नाहीत. अन् रोटर मारणाऱ्यांनी तर हात जोडतो, हराळीच्या कांडीचे तुकडे करून सगळ्या रानात पेरायचं काम रोटर करतोय. शेजारच्यांचं रान बघितलंय मी, आधी कोपऱ्यात होती, आता बांधापासून बांधापर्यंत गादी झालीय. हराळीला एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट, मुळ्या उन्हात वाळू द्यायच्या, वेचून बांधावर काढायच्या, दुसरा सरळ रस्ता नाही.

लगेच कुणीतरी म्हणणार ग्लायफोसेट तणनाशक मार की. हराळीवर ते काम करतंय, नाकारत नाही, पानातनं शिरून मुळापर्यंत उतरतंय, पण त्याला हिरवी फोफावलेली पात पाहिजे. उन्हानं पिवळी पडलेली, धुळीनं माखलेली असेल तर पैसे मातीत. पाणी गढूळ असेल तर औषध त्या मातीलाच चिकटून बसतंय, अन् बोअरचं क्षारवालं पाणी असेल तर जोर कमी होतोय. मारल्यावर पाच-सहा तास पाऊस नको अन् लगेच पाळी पण नको, उतरायला वेळ द्यावा लागतोय. त्यात ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय वापरू नये असं घातलं, दुकानदार मात्र डबा देताना ह्यातलं एक अक्षर बोलत नाही. टू फोर डी हे दुसरं तणनाशक तर आमच्यात नकोच, वाऱ्यावर शेजारच्या टोमॅटो-वांग्यावर गेलं की पानं आखडतात अन् भावकीत भांडण लागतंय ते वेगळंच. आपले कोल्हापूरचेच प्रताप चिपळूणकर विनानांगरणी शेतीबद्दल सांगतात, तण वाढवून मारून रानातच कुजवायचं, जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतोय. मुद्दा पटतोय, पण आमच्या बिनपाण्याच्या रानात ते तण वाढायला जी ओल लागते ती शाळूच्या वाटणीची असते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. ज्याच्याकडं पाणी आहे त्यानं जरूर बघावं.

काँग्रेस गवत बांधावरनं येतंय, तिथं कुळव पोचत नाही. फुलायच्या आत हातमोजे घालून उपटायचं, एका झाडाला हजारोंनी बी धरतंय. त्याला खाणारे मेक्सिकन भुंगेरे 1984 च्या सुमारास भारतात सोडले, आमच्या बांधावर पावसाळ्यात दिसतात, पानं चाळणी करतात, पण हिवाळ्यात मातीत जाऊन झोपतात. त्यांच्या भरवशावर बसू नका.

कुळवाचे दोष पण सांगतो. फास ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा थोडाच रुंद दिलाय, त्यामुळं वळणावर चाकाखाली दबलेलं तण तसंच राहतंय, करून घेताना चाकाच्या बाहेर दोन्हीकडं चार-चार बोटं जादा ठेवायला सांगा. वर्कशॉपवाल्यानं फासाला हलकं लोखंड वापरलं, वरच्या माळाच्या मुरमात महिन्यातच धार गेली, लोहाराकडनं पाजळून आणला तेव्हा कुठं परत सरळ झाला. ट्रकच्या जुन्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) फास करून घ्या, महाग पडेल पण टिकतोय. डेप्थ व्हील मात्र मस्ट, त्याशिवाय फास कधी चार इंच घुसतोय कधी वरनंच सरकतोय. अन् टॉप लिंक (ट्रॅक्टर अन् कुळव जोडणारा वरचा दांडा) थोडी आखूड ठेवली की फास खाली तोंड करून नीट घुसतोय, हे कुणी सांगत नाही.

शाळू कसा आला? मालदांडी वाण होता. पाळ्या बसल्या तिथं जानेवारीपर्यंत पानं हिरवी होती, बांधाकडच्या ज्या पट्टीत ट्रॅक्टर वळत नाही तिथलं ताट आखूड अन् महिनाभर आधीच करपलं. तिथली जमीन तुडवून घट्ट पण झालेली असते, म्हणून सगळं श्रेय कुळवाला देत नाही, पण फरक रस्त्यावरनं दिसत होता.

चार एकराच्या आत कोरडवाहू असेल तर एकट्यानं घेऊ नका, दोघा-तिघांत घ्या, फक्त वाफशाला पहिला नंबर कुणाचा ते आधी ठरवा. रान मुरमाड असेल तर जादा फास अन् शिअर बोल्टचा (अवजार वाचवायला आधी तुटणाऱ्या बोल्टचा) पुडा टूलबॉक्समध्ये ठेवाच, बोल्ट तुटला की हातकणंगल्याला पळावं लागतंय अन् येईपर्यंत वाफसा गेलेला असतोय.